इमानातल्या बाईची अंगठी

"लोणी तेवढं तुमच्याच घरचं येऊ द्या, वन्सं. लोण्यातलं तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळतंय?" मंगल म्हणाली, आणि व्हरांड्यात बसलेल्या बायकांनी एकदम पदर तोंडाला लावले.

कुशाबाई शाळेच्या खिचडीचे तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही. एक खडा सापडला, तो तिने उचलून जरा जास्तच लांब भिरकावला, एवढंच.

मंगल ही सरपंच बाळासाहेबांची बायको, म्हणून बचत गटाची अध्यक्षही तीच. पुढच्या शुक्रवारी गावात परदेशी पाहुणे येणार होते, त्यांच्या जेवणाचा बेत ठरवायला तिने सगळ्या बायकांना शाळेत गोळा केलं होतं. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, गूळ आणि भाकरीवर लोणी. बेत झकास होता. त्यातलं लोणी कुणाकडून आणायचं हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. गावात ताक घुसळणारी घरं वीस, पण 'लोणीवाले' एकच.

शाळेत नवे मास्तर आले तेव्हा त्यांनी बिचाऱ्यांनी पहिल्याच दिवशी कुशाबाईला विचारलं होतं, "मावशी, तुम्हीच ना लोणीवाल्या? मला दर आठवड्याला पावशेर लागेल." सगळी शाळा फिदीफिदी हसली. मास्तरांना कळेना आपण काय बोललो. मग कुणीतरी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की हे ते लोणी नव्हे. हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी. हिच्या बापाने इमानातल्या मेलेल्या बाईच्या बोटातली अंगठी चोरली होती. मास्तर ओशाळले. तेव्हापासून ते तिच्याकडे बघून बोलत नसत.

उंबरदऱ्यात विमानाला इमानच म्हणतात. डिंभ्याच्या वरच्या अंगाला, यष्टी आली तर आली नाहीतर पायी, असं हे गाव. चाळीस वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका सकाळी डोंगरावर धुकं दाटलेलं असताना एक परदेशी प्रवासी विमान वाट चुकून कड्यावर आपटलं. आत होते तेवढे सगळे गेले. तेव्हापासून त्या डोंगराचं जुनं नाव गेलं आणि इमानाचा डोंगर हे नाव पडलं. इमान पडलं त्या साली अमक्याचं लगीन झालं, इमान पडल्यावर तमक्याला पोरगा झाला, असाच गावाचा हिशोब चालतो. कुशाबाई त्या साली दहा वर्षांची होती.

दहा वर्षांची पोर काही विसरत नाही. पंचवीस-तीस गडी प्रेतं खाली आणत होते, त्यांत तिचा बा भिमाजी होता. तीन दिवस काम चाललं. तिसऱ्या दिवशी कारवीच्या गचपणात एक बाई सापडली. केस मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे तांबडे. बोटात अंगठी, आणि बोट सुजून अंगठी पार आत रुतलेली. गावात रीत अशी, की मेलेल्या बाईच्या अंगावर डागदागिने ठेवत नाहीत. अंगावरचं सोनंनाणं काढून तिच्या माणसांच्या हातात द्यायचं, नाहीतर तिचा जीव त्यात घुटमळतो. ती गोरी असो नाहीतर काळी, मेल्यावर बाई ती बाईच, असं भिमाजीला वाटलं. हीच त्याची चूक. दुसरी कुठलीही नाही.

बरोबरचा एक जण कोयता काढून म्हणाला, "तोडा बोट, हाय काय त्यात." भिमाजी त्याच्या अंगावर धावून गेला. "तिचं माणूस येईल, तिला बघंल. बोट तुटल्यालं बघंल व्हय? कुशे, घरी पळ. आयकडनं लोणी घिऊन ये."

कुशी धावत गेली आणि धावत आली. पळसाच्या पानावर लोण्याचा गोळा होता. बानं त्या बाईचं बोट आपल्या मांडीवर घेतलं आणि लहान पोराला चोळावं तसं लोणी चोळत राहिला. तोंडाने म्हणत होता, "झालं बाई, झालं, झालंच." अंगठी निघाली. डोंगर उतरल्यावर त्याने ती चिमाजीच्या हातात दिली. चिमाजी तेव्हा गावचा पोलीस पाटील, सरकारचा माणूस. त्याने ती फेट्याच्या शेवात बांधली आणि म्हणाला, "जमा करतो." हे बघायला तिथे फक्त कुशी होती.

महिन्याभराने तिकडच्या लोकांची तक्रार आली, की मेलेल्यांच्या अंगावरचे दागिने गेले. पोलीस आले. लोणी लावून अंगठी काढताना भिमाजीला दहा जणांनी पाहिलं होतं. भिमाजी म्हणाला, "म्या पाटलाकडं दिली." पाटील म्हणाला, "मला काय म्हाईत नाय बाबा." पोरीची साक्ष कोण धरतो! भिमाजीला भर चावडीत गुरासारखा मारला आणि सहा महिने आत घातला. पुढच्या उन्हाळ्यात चिमाजीच्या घरावर मंगलोरी कौलं चढली, आणि ती कशाने चढली हे कुणी विचारलं नाही. विचारणारा कोण? पाटलालाच विचारायचं?

भिमाजी सुटून आला, पण सुटला नाही. लग्नाच्या पंगतीत बसला की कुणीतरी ओरडायचा, "अरे, भिमाजीला लोणी वाढा!" मग सगळी पंगत खो खो हसायची. त्याने लोणी खाणं सोडलं. पुढे पंगतीला जाणंही सोडलं. कुशीला त्याच पायी चांगलं स्थळ मिळालं नाही. दोन लेकरांच्या बिजवराला दिली, तो चार वर्षांत गेला, आणि ती परत बापाच्या घरी आली. पुढे बाप गेला. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. झाडावर पन्नास कावळे, एकही खाली येईना. सकाळची दुपार झाली. लोक म्हणायला लागले, दर्भाचा कावळा करून लावा आणि मोकळे व्हा. तेव्हा कुशाबाई उठली आणि सगळ्यांच्या देखत ओरडली, "बा, अंगठी कुणाला दिली ते मी चिमाजीच्या तोंडनं वदवून घेईन! माईकवर वदवून घेईन!" कावळा झपकन खाली आला.

माईक हा शब्द तिच्या तोंडात कुठून आला कुणास ठाऊक. पण बोलून गेली ती गेली. त्याला बावीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं ती वाट बघत होती, आणि आता शुक्रवारी गावात माईक येणार होता.

*

पाहुण्यांचा बेत असा होता. त्या विमानातल्या माणसांची मुलं, भावंडं, नातवंडं मिळून चाळिसावं वर्षश्राद्ध करायला येणार होती. डोंगराच्या पायथ्याला नावांचा दगड बसवणार होती, शाळेला दोन खोल्या बांधून देणार होती. त्यांनी पंचायतीला पत्र लिहून विचारलं होतं, की आमची माणसं ज्यांनी खांद्यावरून खाली आणली त्यांपैकी कुणी हयात असेल तर आम्हाला त्यांचा सत्कार करायचा आहे. पंचायतीने एकच नाव कळवलं. चिमाजी पाटील. सरपंचाचा बाप.

बुधवारी कुशाबाई चिमाजीच्या घरी गेली. म्हातारा ओट्यावर उन्हाला बसला होता. ऐंशी ओलांडलेली, पण दात शाबूत. मेल्याला कधी सर्दीसुद्धा होत नाही, असं तिच्या मनात आलं.

"कोण, कुशी का? ये. बस."

"बसाया न्हाई आले, तात्या. एक मागाया आले."

"माग की."

"शुक्रवारी तुमी माईकवर बोलणार. तवा एवढंच म्हणा, अंगठी भिमाजीनं मपल्याकडं, ह्या चिमाजीकडं, दिली व्हती. पुढं तिचं काय झालं ते नका सांगू. हरवली म्हणा, उंदरानं नेली म्हणा. पण बानं दिली व्हती, एवढं म्हणा."

चिमाजीने नजर वर कौलांकडे नेली. मग म्हणाला, "कुशे, मला आता काय आठवत न्हाई बघ. वय झालं."

"जेवलेलं आठवतंय ना?"

"गेल्याली माती उकरून काय मिळायचंय तुला? तुपला बा तर गेला."

"तो गेला म्हणूनच. असता तर त्यानं तुमाला कवाच माफ केलं असतं. तेवढा येडा व्हता तो. मी नाय." तिचा आवाज चढला आणि अहोजाहो गळून पडलं. "तू नाय बोललास तर मी बोलन, चिमाजी. समद्या गोऱ्या लोकांम्होरं, कलेक्टरम्होरं. तुजी टोपी उडवीन भर सभेत!"

आतून मंगल धावत आली. "वन्सं, म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात व्हय?" कुशाबाई तिच्याकडे न बघता पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासाहेब शाळेत आला. खिचडीच्या चुलीशी चवड्यांवर बसला. एवढ्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांतलं माणूस राखेजवळ बसलंय म्हणजे घाबरलंय, हे कुशाबाईने ओळखलं.

"आक्का, दोन खोल्या मिळतायत गावाला. पोरं झाडाखाली बसत्यात. तू उद्या काय बोललीस तर समदं बोंबलंल. गावाचं नाव जाईल."

"गावाचं नाव? मपल्या बाचं नाव गेलं तवा गाव काय करत व्हतं रं, बाळा? हसत व्हतं."

"मी तर तवा बारका व्हतो."

"पण कौलांखाली झोपलास ना?"

बाळासाहेब उठला. पँटला लागलेली राख झटकत म्हणाला, "खिचडीचं काम पंचायतीच्या सहीवर हाय, आक्का. एवढं ध्यानात ठिव." आणि निघून गेला.

सोनीबाई तिच्याबरोबर खिचडी शिजवायची. ती भेदरली. "कुशे, जाऊ दे गं. पोटावर पाय येईल."

"येऊ दे. पोट काय, आज हाय उद्या नाय. पण त्याला सोडला तर कावळ्याला तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार नाय मला." बोलता बोलता तिने चुलीत लाकूड असं सारलं की ठिणग्या उडाल्या. "तू बघच, सोने. असा वाळलेल्या शेणीवानी उलथा करते का नाय त्याला."

घरी जाऊन तिने ताक घुसळायला घेतलं. एकच म्हैस, चार दिवसांची साय साठवलेली. एरवी निघणारं लोणी ती कढवून तूप करून विकायची. बापाने सोडल्यापासून त्या घरात लोणी कुणी तोंडात घातलं नव्हतं. रवीच्या प्रत्येक फेऱ्याला ती आपलं भाषण पाठ करत होती. पाहुणं, हा माणूस चोर हाय. पाहुणं, ह्यानं मेलेल्या बाईची अंगठी खाल्ली आन मपला बा तुरुंगात घातला. वर आलं ते लोणी असं घट्ट आणि पांढरंफेक होतं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

*

शुक्रवारी मंचरहून सुमो गाड्यांची रांग आली. पंधरा-वीस गोरी माणसं उतरली. म्हातारे जास्त, काही तरणी. पुण्याहून त्यांच्याबरोबर श्रेया नावाची एक दुभाषी मुलगी आली होती. जीन्स, गळ्यात वही, आणि सगळ्यांना 'मावशी, मावशी' करत फिरणारी.

सगळे आधी पायथ्याशी गेले. दगडाचं फडकं काढलं. नावं वाचायला सुरुवात झाली. एकेक नाव घ्यायचं, त्याच्या माणसाने पुढे व्हायचं, मेणबत्ती लावायची, दगडाला हात लावायचा. कुणी हुंदका दिला, कुणी नुसतं उभं राहिलं. गावातल्या बायकांचेही डोळे भरून आले. कुशाबाईचे आले नाहीत. ती हाताची घडी घालून बघत होती. रडा, म्हणत होती मनात. तुमच्याकडं दगडावर नाव तरी हाय. तुमच्याच एका कागदानं मपल्या बाचं नाव पुसलं. तुमी हितं येऊन विचारलंत का कवा, कुणाला मारलं, खरंच त्यानं घेतली का? दागिने मोजलेत, माणूस नाय मोजलात. रडा.

श्रेया तिच्याजवळ आली. "मावशी, ह्या डोंगराला इमानाचा डोंगर म्हणतात ना? इमान म्हणजे प्रामाणिकपणा. किती सुंदर नाव आहे! मी त्यांना तसंच सांगितलं, त्यांना फार आवडलं. कुणी ठेवलं हे नाव?"

मागे उभी असलेली सोनीबाई हसू दाबायला खोकली. कुशाबाईला हसू आलं नाही. तिने मुलीकडे नीट पाहिलं.

"व्हय बाई," ती म्हणाली. "तेच पडलं ना हितं."

श्रेयाने ते वहीत लिहून घेतलं.

*

सभा शाळेच्या पटांगणात होती. मांडव, खुर्च्या, माईक. मांडवाच्या कडेला बचत गटाच्या बायका भाकऱ्यांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. कुशाबाईसमोर पितळी गुंडीत लोणी होतं, वर ओलं फडकं. शाल घातली की उठायचं आणि बोलायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

चिमाजीला शाल घातली, नारळ दिला. सगळ्या गोऱ्या माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाळासाहेबाने बापाला धरून माईकपाशी नेलं आणि कानात म्हणाला, "दोनच शब्द, तात्या." ते माईकमधून सगळ्यांना ऐकू आलं.

पण टाळ्या ही वाईट गोष्ट असते. म्हातारा फुलला. दोन शब्दांवर थांबेना. धुकं किती होतं, वास किती होता, आपण पहिले कसे पोचलो, गड्यांना कसं कामाला लावलं, सगळं सांगायला लागला. श्रेया तुकड्या तुकड्याने त्यांना सांगत होती. पुढच्या रांगेतली एक म्हातारी बाई तोंडावर रुमाल धरून ऐकत होती. चिमाजीने तिला रडताना पाहिलं आणि त्याला आणखी हुरूप आला.

"एक बाई व्हती," तो म्हणाला. "तांबड्या केसांची. तिच्या बोटात अंगठी रुतली व्हती. लोक म्हणले, बोट तोडा. म्या म्हणलं, खबरदार! तिचं माणूस येईल, तिला बघंल. मग म्या घरनं लोणी मागवलं आन लोणी चोळून चोळून, बोटाला धक्का न लावता, ती अंगठी काढली. ह्या हातानं. आन सरकारात जमा केली."

श्रेया ते इंग्रजीत सांगत राहिली. गोऱ्या लोकांत कुजबुज झाली, ती म्हातारी तर हमसून रडू लागली. पण मांडवाच्या मागच्या अर्ध्या भागात, जिथे गाव बसलं होतं, तिथे एकदम माना वर झाल्या. चाळीस वर्षं ज्या लोण्यावर गाव हसलं होतं, ते लोणी चिमाजी आपल्या तोंडाने आपल्या नावावर करून घेत होता. आणि त्याचबरोबर अंगठी आपल्या हातात होती हेही सांगत होता, माईकवर. ज्याने चावडीत शपथेवर सांगितलं होतं, मला काय म्हाईत नाय बाबा. मागच्या रांगेतले म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. चिमाजीला मात्र अजून काही कळलं नव्हतं. बाळासाहेबाला कळलं. त्याचा चेहरा उतरला.

कुशाबाईचं सगळं भाषण डोक्यातून पार निघून गेलं. आता बोलायचं काय? त्यानेच तर सगळं सांगून टाकलं. ती उठली. गुंडीवरचं फडकं बाजूला केलं, गुंडी कडेवर घेतली आणि खुर्च्यांच्या मधून सरळ चालत निघाली.

"आक्का, जेवणं आजून न्हाईत," बाळासाहेब पुढे येऊन दबक्या आवाजात म्हणाला. तिने त्याला कोपराने बाजूला सारलं. सरपंचाला असं बाजूला सारलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं.

ती चिमाजीसमोर उभी राहिली. त्याने तिला पाहिलं, मग गुंडीत पाहिलं, आणि मग कुठे त्याला आपण काय बोलून गेलो ते उमगलं. कुशाबाईने त्याची टोपी काढली. उडवली नाही, काढली, नीट घडी केली आणि त्याच्या हातात दिली. मग गुंडीत हात घालून चांगला लिंबाएवढा गोळा घेतला आणि त्याच्या टकलावर, बरोबर टाळूवर, थापला.

"हे आमच्या बाचं, तात्या," ती म्हणाली. माईक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "लई वर्सं आमी सांभाळलं. आता तुमचं तुमी सांभाळा."

पाहुण्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ही इथली मान देण्याची पद्धत. कुणी कुणी फोटो काढले. गावातून एकही टाळी आली नाही. फक्त मागून सोनीबाईचा आवाज आला, "बरं केलंस गं, कुशे!" त्यावर कुणी तिला गप्प बस म्हणालं नाही.

चिमाजी खुर्चीवर बसला. बसला म्हणजे कोसळलाच. टोपी दोन्ही हातांनी मांडीवर धरून राहिला. भर दुपारचं ऊन मांडवाच्या फटीतून नेमकं त्याच्या डोक्यावर येत होतं. लोणी पाघळून भुवईवर उतरायला लागलं. बाळासाहेब शेजारीच उभा होता, खिशात रुमाल होता, पण त्याचा हात खिशाकडे गेला नाही. सगळं गाव बघत होतं.

श्रेया धावत आली. "मावशी, ते विचारतायत, ही काय प्रथा आहे? मी काय सांगू?"

"सांग, आमच्यात ज्याचं त्याला असं पोचतं करत्यात."

श्रेयाने ते सांगितलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतली ती म्हातारी उठली. काठी टेकत टेकत आली आणि कुशाबाईसमोर उभं राहून तिने आपली मान खाली घातली. केस पांढरे, विरळ, मधे गुलाबी टाळू दिसत होती. तिला लोणी हवं होतं.

"ह्यांची आई होती विमानात," श्रेया हळूच म्हणाली. "ह्या तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या म्हणतायत, त्यांनाही आशीर्वाद द्या."

कुशाबाईचा हात गुंडीत तसाच राहिला. वाकलेल्या त्या डोक्याकडे ती बघत राहिली. केस आधी तांबडे होते की काय, आता कोण सांगणार? ही तिचीच लेक असेल, नसेल. मेणबत्त्यांपाशी जेवढा राग येत होता तेवढा आता शोधूनही सापडेना, याचाच तिला राग आला. पण ह्या टाळूवर लोणी? छे. तिने गुंडी टेबलावर ठेवली, दुसऱ्या हाताने म्हातारीची हनुवटी धरून मान वर केली, आणि तिचा डावा हात आपल्या हातात घेतला.

बोटं संधिवाताने सुजलेली होती. एका बोटात अंगठी, वर्षानुवर्षं न निघालेली, पार रुतलेली. कुशाबाईने त्या बोटाला लोणी लावलं आणि चोळायला सुरुवात केली.

गाव उठून उभं राहिलं. बाळासाहेबाच्या तोंडून "आक्का!" निघालं आणि तिथेच विरलं. म्हातारीने एकदा हात मागे ओढला, मग कुशाबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सोडून दिला. "झालं बाई," कुशाबाई म्हणत होती, "झालं, झालंच." पेरापाशी अंगठी अडली, फिरली, आणि निघाली.

कुशाबाईने ती उजेडात धरली नाही, निरखली नाही. पदराने पुसली, म्हातारीच्या तळहातावर ठेवली आणि तिची पाचही बोटं एकेक करून मिटली.

"अशी काढली व्हती मपल्या बानं," ती म्हणाली. "भिमाजीनं. तुमच्या हातात द्यायला. सांग गं पोरी त्यांना. नाव पण सांग."

श्रेयाने सांगितलं. सांगताना तिने एकदा चिमाजीकडे पाहिलं, कारण ते लोणी खरं कुणाचं होतं हे आता तिलाही कळलं होतं. म्हातारी मूठ छातीशी धरून तेवढं नाव परत परत म्हणून बघत होती. भि-मा-जी. तिला ते नीट जमत नव्हतं.

मागे भाकऱ्या गार होत होत्या. कुशाबाई गुंडी घेऊन परत आपल्या जागी आली. पंगत बसली. ती वाढत गेली. प्रत्येकाच्या भाकरीवर एक बोटभर लोणी, गोऱ्यांच्याही आणि गावातल्याही. गावातले खाली मान घालून जेवत राहिले. मंगलने पान पुढे केलं नाही, तर तिच्याही पानात वाढलं. नवे मास्तर तेवढे तिच्याकडे वर बघून म्हणाले, "अजून थोडं वाढा, मावशी."

सगळे उठल्यावर तिने हात धुतले. गुंडीच्या तळाशी थोडं उरलं होतं. ते बोटाने निपटून तिने तोंडात घातलं. जरा आंबूस होतं. साय एक दिवस जास्त राहिली होती.